यंत्राच्या शिकवणीत आपण कुठे?

डिसेंबर २०२५ मध्ये 'टाइम' या अमेरिकी नियतकालिकाने 'वर्षातली व्यक्ती' म्हणून एका माणसाची नव्हे, तर एका गटाची निवड केली. कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिल्पकार, असं त्या गटाचं नाव. मुखपृष्ठावर एका उंच इमारतीच्या लोखंडी तुळईवर आठ जण ओळीने बसलेले दाखवले होते. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या एका गाजलेल्या छायाचित्राची ती नक्कल. मूळ छायाचित्रात तुळईवर बसून डबा खाणारे अकरा मजूर होते. नव्या चित्रात होते मार्क झुकेरबर्ग, लिसा सू, इलॉन मस्क, जेन्सन हुआंग, सॅम ऑल्टमन, डेमिस हसाबिस, डारिओ अमोदेई आणि फे-फे ली. म्हणजे मजुरांच्या जागी कंपन्यांचे प्रमुख आले. आठांत बायका दोन.

आता तुम्ही म्हणाल, ती माणसं बसली अमेरिकेत आणि आपण बदलापुरात. त्यांचा आणि आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. मुलं अभ्यासातले प्रश्न चॅटजीपीटीला विचारतात. कंपन्यांच्या चौकशी नंबरवर माणसाऐवजी यंत्र बोलतं. अंगणवाडीत पोषण आहाराचं पाकीट हातात पडण्याआधी फोन आईचा चेहरा तपासतो. यंत्र कोणाला ओळखणार आणि कोणाची भाषा समजणार, हे कोणीतरी कुठेतरी आधीच ठरवलेलं असतं. म्हणून हे ठरवणारे कोण, ते आपल्याला ठाऊक हवं. आणि अशा याद्यांमध्ये कोणाची नावं कधीच येत नाहीत, तेही ठाऊक हवं.

त्या आठ जणांतल्या फे-फे ली यांची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. वयाच्या पंधराव्या वर्षी त्या चीनमधून अमेरिकेत आल्या. इंग्रजी जेमतेम, हातात पैसा नाही. पुढे आईवडिलांनी ड्रायक्लीनिंगचं दुकान टाकलं. प्रिन्स्टनसारख्या नामांकित विद्यापीठात शिकत असतानाच ही मुलगी घरच्या दुकानाचा व्यवहारही सांभाळत होती. पुढे प्राध्यापक झाल्यावर त्यांनी एक अगदी साधी गोष्ट हेरली. लहान मूल मांजर ओळखायला कसं शिकतं? व्याख्या पाठ करून नाही. दहा वेळा मांजर दिसतं, आई दहा वेळा "ती बघ माऊ" म्हणते, आणि अकराव्या वेळी मूल स्वतःच बोट दाखवतं. मग यंत्रालाही असंच शिकवलं तर? त्यासाठी लाखो चित्रं हवीत, आणि प्रत्येक चित्राखाली ते कशाचं आहे हे लिहिलेलं हवं. यातून 'इमेजनेट' नावाचा संग्रह उभा राहिला आणि २००९ साली तो जगापुढे आला. पुढे त्यातली चित्रं १ कोटी ४० लाखांच्या वर गेली. २०१२ मध्ये टोरांटोचे जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांनी याच चित्रांवर शिकवलेल्या यंत्राने स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची घोडदौड सुरू झाली. हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर विभागून मिळालं.

पण मैत्रिणींनो, त्या चित्रांखाली "ही माऊ, हा भूभू" असं लिहिलं कोणी? १६७ देशांतल्या सुमारे ४९ हजार माणसांनी. इंटरनेटवर काम मिळवून देणाऱ्या एका व्यवस्थेतून, एकेका चित्राला अगदी चिल्लर पैसे घेऊन. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. हिंटन यांची विद्वत्ता मोठी, ली यांची दृष्टी मोठी, यात शंकाच नाही. तरी "ती बघ माऊ" म्हणणारं कोणीतरी बसलं नसतं, तर यंत्र आंधळंच राहिलं असतं. आपल्याला हे काम ओळखीचं वाटतं, नाही का? केलं तर कोणाला दिसत नाही, नाही केलं तर सगळं अडतं. घरकामाला आपण आयुष्यभर जे म्हणत आलो, तेच इथे लागू पडतं.

आता आणखी एका आठ जणांच्या गटाकडे येते. २०१७ साली गूगलमधल्या आठ संशोधकांनी एक निबंध लिहिला. आज आपण ज्याला चॅटजीपीटी म्हणतो, त्यातल्या 'टी'चं मूळ या निबंधात आहे. 'टी' म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आपल्या डीपीवरचा नव्हे, ही यंत्राला भाषा शिकवण्याची एक रीत आहे. तिचं मर्म सोपं करून सांगते. 'पान' हा शब्द घ्या. पुस्तकाचं पान वेगळं, पिंपळाचं पान वेगळं, आणि जेवणानंतरचं पान तर वेगळंच. कोणतं पान, हे आपल्याला शेजारच्या शब्दांवरून कळतं. आधीची यंत्रं वाक्य एकेका शब्दाने, क्रमाने वाचत. लांबच्या वाक्यात सुरुवातीचं विसरत. या आठ जणांनी अशी रचना केली की वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या सगळ्या शब्दांकडे एकाच वेळी बघेल आणि आपला अर्थ ठरवेल.

या निबंधातलं पहिलं नाव आशीष वासवानी यांचं. तिसरं नाव निकी परमार. आठांतली ही एकटीच बाई, आणि ती इंजिनीअर झाली ती पुण्यातल्या पीआयसीटी कॉलेजात! तिथून पुढे ती कॅलिफोर्नियाला शिकायला गेली आणि मग गूगलमध्ये. आपल्या घरातल्या किती मुली आज पुण्यात अशाच कॉलेजांच्या वसतिगृहांत राहतायत. त्या निबंधाच्या तळाशी एक टीप आहे. आठही जणांचा वाटा सारखा आहे, नावांचा क्रम सहज लावलेला आहे, अशा अर्थाची. मला ती टीप फार आवडली. पण निकी परमार हे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय? मस्क यांचं नाव शाळकरी पोरालाही माहीत असतं. आपण मुलींना सांगतो, "कॉम्प्युटरला जा, घरी बसून काम करता येतं." कोणी असं सांगत नाही की, "कॉम्प्युटरला जा, जगाची भाषा बदलणारा निबंध तुझ्या नावावर असू शकतो."

हे झालं इंग्रजी यंत्रांचं. मराठीचं काय? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाषेला अभिजात दर्जाही मिळाला. पण यंत्राला अभिजात वगैरे कळत नाही. त्याला फक्त मजकूर आणि आवाज लागतो, आणि तो इंग्रजीच्या तुलनेत मराठीत फारच कमी आहे. ही उणीव भरून काढायला झटणारी माणसं मात्र आपल्या जवळपासच आहेत. पवईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या चमूने हिंदी आणि मराठी शब्दांचं 'वर्डनेट' बांधलं. कोणता शब्द कोणाचा भाऊबंद, कोण कोणाच्या पोटात येतो, असा शब्दांचा जणू वंशवृक्षच. हेच प्राध्यापक २०१६ साली भाषा आणि संगणक या विषयातल्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेले मितेश खापरा आता चेन्नईच्या आयआयटीत 'एआय फॉर भारत' चालवतात. देशातल्या शेकडो जिल्ह्यांत माणसं पाठवून त्यांनी २२ भाषांमधले आवाज गोळा केले. 'टाइम'च्या २०२५ च्या कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या शंभर जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे.

पण मला तुम्हाला विशेष सांगायचं आहे ते एका छोट्या प्रयोगाबद्दल. मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन विभागातल्या कालिका बाली, विवेक शेषाद्री, मनू चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी आवाज जमवायचं ठरवलं. सहसा असं काम कॉलेजच्या विद्यार्थ्यांना देतात. भाषा स्वच्छ, फोन चांगला. या मंडळींनी विद्यार्थी घेतलेच, पण त्यांच्याबरोबर खेड्यातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोकही घेतले. फोनवर वाक्य येणार, ते मोठ्याने वाचायचं, बस. एकूण ३६ जणांनी मिळून १०९ तासांचं मराठी बोलून दिलं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गरीब माणसांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं निघालं. आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण विद्वानांच्या जगात हे सिद्ध करावं लागतं! या वाटेने 'कार्य' नावाची संस्था उभी राहिली. तिने आवाज देणाऱ्याला तासाला सुमारे पाच डॉलर देण्याचं आणि तो आवाज पुन्हा विकला गेला तर त्यातला वाटाही देण्याचं धोरण ठेवलं. २०२३ च्या 'टाइम'च्या यादीत बाली आणि चोप्रा ही दोन्ही नावं होती.

याच्या उलट उदाहरण केनियाचं. चॅटजीपीटीला घाण भाषेपासून दूर ठेवायचं, तर घाण कशाला म्हणतात हे त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी केनियातल्या कामगारांनी अत्याचाराची, हिंसेची वर्णनं दिवसदिवस वाचून त्यांच्यावर खुणा केल्या. मजुरी तासाला दोन डॉलरपेक्षा कमी. जानेवारी २०२३ मध्ये हे उघड झालं, तेव्हा अनेकांनी सांगितलं की, हे वाचून आमची झोप उडाली. काम दोन्हीकडे यंत्राला शिकवण्याचंच. एकीकडे त्याला मोल आहे, दुसरीकडे माणूस वापरून टाकला. हे ठरवणारे कोण, तर प्रभाव असणारी माणसं. म्हणूनच प्रभाव कोणाकडे, हा प्रश्न नुसत्या कौतुकाचा नाही.

आमच्या मांजर्लीत बचत गटाच्या बैठकीला येणाऱ्या बायकांचंच बघा. एकीची बोली आगरी, तिचं 'पाणी' 'पानी' होतं. दुसरी लग्न होऊन वऱ्हाडातून आलेली. तिसरी सातारकडची. चौथी उल्हासनगरच्या बाजारात काम करते, ती मराठीत सिंधी आणि हिंदी मिसळून बोलते. बारवी धरणाच्या बाजूला गेलं की कातकरी वस्त्या लागतात, त्यांची बोली तर पुस्तकात क्वचितच सापडते. या सगळ्या जणी यंत्राला कळल्या पाहिजेत. नाहीतर उद्या दवाखान्यात, बँकेत, रेशनवर यंत्र बोलू लागेल आणि त्याला फक्त बातम्या वाचणाऱ्या बाईंची मराठी समजेल. मग पुन्हा तेच होईल. ज्यांना आधीच सगळं मिळतं, त्यांचं काम झटपट होईल आणि बाकीच्या "पुन्हा बोला" हे ऐकत रांगेत उभ्या राहतील.

आता अंगणवाडीकडे येते, कारण माझ्या मते खरा कस तिथे लागतो. केंद्राच्या 'पोषण ट्रॅकर' अॅपमध्ये १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना चेहरा पडताळणं सक्तीचं झालं. गरोदर बाई, बाळंतीण किंवा लहान मुलाची आई समोर येणार, सेविका तिचा चेहरा फोनवर टिपणार, आणि आधी नोंदवलेल्या चेहऱ्याशी जुळला तरच पाकीट. देशभरातल्या अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी तक्रारी केल्या. फोन जुने, नेटवर्क नाही, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा कामावर. आहार नाकारला म्हणून शिव्या कोणाला? सेविकेला. यंत्राला कोणी शिव्या देत नाही.

यावर दुसरी बाजूही आहे, आणि ती मी नाकारत नाही. खोट्या नावांनी आहार उचलला जातो, गरिबाच्या तोंडचा घास मधल्यामध्ये गायब होतो, हे काही कोणाला नवीन नाही. त्यावर उपाय हवाच. पण चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांचा इतिहास काय सांगतो? अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जॉय बुओलामविनी नावाची काळ्या वर्णाची विद्यार्थिनी होती. कॅमेऱ्याला तिचा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा चढवला की दिसायचा! तिने तिमनित गेब्रू यांच्याबरोबर बड्या कंपन्यांची यंत्रं तपासली. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याहून कमी होती. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हे २०१८ चं संशोधन. त्यानंतर कंपन्यांना यंत्रं सुधारावी लागली. या दोघींकडे कारखाना नव्हता, अब्जावधी डॉलर नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "हे यंत्र आमच्यावर तपासलंय का?" हाही प्रभावच आहे, आणि माझ्या लेखी तो तुळईवरच्या आठ जणांपेक्षा कमी नाही.

तंत्रज्ञान वाईट, असं माझं अजिबात म्हणणं नाही. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबातले रोमेश वाधवानी आणि त्यांचे भाऊ सुनील यांनी २०१८ मध्ये मुंबईत कृत्रिम बुद्धिमत्तेची एक संस्था सुरू केली. आपल्या शेजारचं उल्हासनगर त्याच फाळणीतून वसलं, म्हणून हे नाव इथे मुद्दाम घेतलं. या संस्थेने आशाताईंसाठी एक साधन तयार केलं. नवजात बाळाचा फोनवर छोटा व्हिडिओ काढायचा, आणि फोन वजन, लांबी, डोक्याचा घेर यांचा अंदाज सांगतो. कमी वजनाचं बाळ वेळेत हेरता यावं, हा हेतू. कापसावरची बोंडअळी ओळखणारं अॅपही त्यांचंच. बघा, फोन तोच, कॅमेरा तोच. एका ठिकाणी तो आशाताईचा हात बळकट करायला बघतो, दुसऱ्या ठिकाणी सेविकेच्या डोक्यावर पहारेकरी म्हणून बसतो. आपल्या वाडीतली बाळंतीण कोण, हे सेविकेला चेहऱ्याने, नावाने, माहेरासकट ठाऊक असतं. मग चेहरा जुळला नाही तर शेवटचा शब्द तिचा का नसावा? चेहरा जुळला नाही तरी आहार द्यावा, सेविकेने नोंद करावी आणि चौकशी नंतर करावी, एवढा साधा नियम हवा. चोर पकडण्यासाठी आईला उपाशी परत पाठवणं, हा कुठला न्याय?

मग आपण काय करायचं? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली गोष्ट घरातली. मुलींना या क्षेत्रात नुसतं नोकरीसाठी नव्हे, तर संशोधनासाठीही पाठवू या. वाटा पूर्वीइतक्या बंद नाहीत. आयआयटीमध्ये मुलींचं प्रमाण फार कमी म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा ठेवल्या गेल्या. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. "एवढं शिकून काय करायचंय, लग्न करायचंच आहे" हे वाक्य आपल्याच तोंडून निघतं, ते आपणच थांबवू शकतो. आणि शास्त्राकडे कल नसेल, तर भाषेकडे असेल. मी स्वतः कला शाखेची. यंत्राला बोली, म्हणी, नात्यांची नावं शिकवायला भाषेचं माणूसच लागणार आहे. आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्या एकाच इंग्रजी शब्दात कोंबणाऱ्या यंत्राला ते कोण समजावणार?

दुसरी गोष्ट बचत गटांची. आवाज देण्याचं, चित्रांवर खुणा करण्याचं, मजकूर तपासण्याचं घरबसल्या काम आता मोबाइलवर येतंय, आणि पुढे वाढेल. पापड-लोणच्यांचा दर जसा आपण ठरवून घेतो, तसा याचाही घ्यायला हवा. तासाला किती, पैसे कधी, माझा आवाज कशासाठी वापरणार, पुन्हा विकला तर मला काय, हे विचारल्याशिवाय काम घ्यायचं नाही. आणि काम देण्याआधी जो पैसे भरायला सांगतो, त्याला दारातूनच निरोप. ओटीपी तर सख्ख्या भावालाही सांगायचा नाही!

तिसरी गोष्ट गावाची, म्हणजे आपल्या नगरपालिकेची, पंचायतीची. एखादं यंत्र आपल्या योजनेत, दवाखान्यात, शाळेत येणार असेल, तर आधी विचारायचं. हे कोणावर तपासलं? चुकलं तर तक्रार कोणाकडे? यंत्राशिवाय काम होण्याची दुसरी वाट आहे का? प्रभागातल्या दहा जणींनी सही करून असं पत्र दिलं, तर ते कोणाला सहज बाजूला टाकता येत नाही. पाण्यासाठी हंडे घेऊन आपण कचेरीवर गेलोच ना? हाही त्यातलाच प्रश्न आहे, फक्त हंडा दिसत नाही.

प्रभावशाली माणसांच्या याद्या दरवर्षी निघतील. त्यात आपल्या मातीतली नावं वाढतायत, याचा आनंदच आहे. पण यादी शंभरांची असते, आणि यंत्राला शिकवणारे लाखो. "ती बघ माऊ" हे आपण पिढ्यान्‌पिढ्या फुकट शिकवत आलो. पोरांसाठी ते फुकटच राहो. यंत्रासाठी मात्र आता दाम आणि मान दोन्ही मागू या.